गिअरबॉक्सला घाम येत नाही

लोणावळ्याकडचे पाणी घाटाखाली आणून टाटांनी १९१५ साली खोपोलीत वीज तयार करायला सुरुवात केली. त्याच डोंगरावरून आज मालट्रक रात्रंदिवस उतरतात. २५ टनांचा ट्रक ५०० मीटर खाली येतो तेव्हा सुमारे ३४ युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. पाण्याची वीज होते, ट्रकची मात्र उष्णता होते. ती सगळी ब्रेकवर पडली की ब्रेक तापून निकामी होतात. म्हणून घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर टाकू नये, खालच्या गिअरवर ठेवावी. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करणारे महाभाग आजही आहेत आणि त्यातले काही आमच्याकडे स्ट्रेचरवरून येतात.

उष्णता बाहेर कुठून जाणार, हा प्रश्न मग एका वेगळ्याच रुग्णाने विचारला. तापलेल्या गिअर ऑइलने हात भाजलेला कर्जतकडचा एक तरुण मेकॅनिक ड्रेसिंगला यायचा. शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची गाडी तो तयार करत होता. गिअरबॉक्सचे तेल थंड करणारा कूलर बसवायचा आहे, पण जागा कुठली निवडावी, असा त्याचा पेच होता. डॉक्टरला काय विचारतोस, असे म्हणता आले असते; पण प्रश्न आमच्याच विषयाच्या शेजारचा निघाला.

हिशेब सोपा आहे. २०० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात चालले की साधारण १५० किलोवॉट देते. त्यातले तीनच टक्के दात्यांच्या घर्षणात आणि तेल घुसळण्यात गेले तरी साडेचार किलोवॉट होतात. म्हणजे घरातले दोन गिझर दोन-तीन लिटर तेलात सतत चालू ठेवल्यासारखे! रस्त्यावर आपण पूर्ण जोर काही सेकंदच लावतो, मधल्या वेळात तेल निवते. ट्रॅकवर ती उसंत नाही. तेल १२० अंशांच्या पुढे गेले की पातळ होते, दात्यांमधला पडदा फाटू लागतो आणि सील कडक होतात. दर दहा अंशांना तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो.

तर कूलर कुठे? पहिला मोह रेडिएटरच्या मागे, कारण तिथे जागा असते. पण तिथे येणारी हवा इंजिनाची उष्णता घेऊन आलेली असते. पुढे लावला तर तेल थंड होते, पण रेडिएटरला गरम हवा मिळते आणि इंजिन तापते. सायलेन्सरजवळ तर नकोच. बाजूला, स्वतंत्र वाटेने ताजी हवा मिळेल अशी जागा उत्तम. हवा आत येण्याचे तोंड सगळे पाहतात. बाहेर जायची वाट विसरतात. मागे हवा कोंडली तर पुढचे भोक कितीही मोठे करा, ती कूलरमधून न जाता बाजूने निघून जाते. कडेच्या फटी बुजवाव्यात ते याचसाठी. गाडीच्या मागच्या बाजूला बसवायचा झाला तर पंखा हवाच, आणि चाकांनी उडवलेल्या खड्यांपासून जाळीही. तेलाच्या नळ्यांची तोंडे वरच्या बाजूला ठेवली तर आत हवेचा बुडबुडा अडकत नाही. बहुतेक साध्या गिअरबॉक्सना तेल बाहेर ढकलणारा पंप नसतो. वेगळा विजेचा पंप लागतो. तो खाली बसवावा, त्याआधी गाळणी असावी, आणि तेल तापल्यावरच तो सुरू व्हावा. गार, घट्ट तेल ओढताना पंप मरतो.

आपल्या शरीराचा कूलर म्हणजे त्वचा. उकाड्यात हृदय मिनिटाला सहा-सात लिटर रक्त त्वचेकडे वळवू शकते. वर घाम असतो, आणि एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण वाळला तरच. ठिबकून खाली पडलेला घाम थंडावा देत नाही, नुसते पाणी आणि मीठ घालवतो. कर्जत-खालापूरला मे महिन्यात हेच होते. हवा दमट, मागे सह्याद्रीची भिंत, दुपारी पान हलत नाही. कूलर आहे, पण हवेची वाट बंद आहे. १६ एप्रिल २०२३ ला आपल्याच जिल्ह्यात खारघरच्या मैदानात उन्हात बसलेल्यांपैकी काही जण उष्माघाताने दगावले, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. आकडा पाहून निश्चिंत होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

जागेची चूक इथेही होते. उष्माघाताच्या रुग्णाला घरचे लोक कपाळावर ओली पट्टी ठेवून आणतात. कपाळ म्हणजे त्वचेचा केवढासा तुकडा! कपडे सैल करून सगळे अंग पाण्याने भिजवा आणि जोरात वारा घाला. बर्फ असेल तर काखेत, मानेच्या बाजूंना आणि जांघेत ठेवा. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या वरवर असतात. भोवतीची गर्दी हटवा, ती वाराच अडवते. बरळणाऱ्या किंवा बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, कारण हा ताप जंतूंचा नव्हे. १०८ ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत थंड करणे थांबवू नका.

ट्रॅकवरचा चालक तर हेल्मेट आणि आगीपासून वाचवणारा जाड सूट घालून बंद गाडीत बसतो; त्याचा घाम वाळायला वाटच नसते. म्हणून त्या तरुणाला मी एकच वैद्यकीय अट घातली: तेलाच्या नळ्या चालकाच्या बाजूने आतून न्यायच्या नाहीत. बसल्या जागी गरम हवा आणि नळी फुटली तर मांडीवर १२० अंशांचे तेल, हे दोन्ही त्याला नको. त्याने नळ्या गाडीखालून, जमिनीला आणि सायलेन्सरला लागणार नाहीत अशा नेल्या. कूलर डाव्या बाजूला बसवला आहे, मागे हवेला मोकळी वाट ठेवून. तेलाचे तापमान दाखवणारा काटा आधी लावायचे त्याने कबूल केले आहे.