मैदानावरचे प्राध्यापक : एमॉस अलोन्झो स्टॅग

एमॉस अलोन्झो स्टॅग यांचा जन्म १८६२ साली न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंज गावी झाला. धर्मोपदेशक होण्याच्या इराद्याने ते येल विद्यापीठात गेले, पण तिथे त्यांचे नाव गाजले ते बेसबॉलमधल्या गोलंदाजीने. व्यावसायिक संघांची बोलावणी आली. खेळून पैसे घेणे त्यांना पटत नसल्याने त्यांनी ती नाकारली. हातात चेंडू घेऊन धावण्याच्या अमेरिकन फुटबॉलमध्येही १८८९ च्या पहिल्या ऑल-अमेरिकन, म्हणजे देशभरातल्या निवडक महाविद्यालयीन खेळाडूंच्या, संघात त्यांची निवड झाली. त्याच सुमारास त्यांनी एक गादी गुंडाळून व्यायामशाळेत टांगली. धावत्या खेळाडूला कवेत घेऊन पाडण्याचा सराव आता सोबत्याचे अंग न दुखवता करता येऊ लागला. साधीच युक्ती, पण तिच्यात स्टॅग यांच्यातला शिक्षक आधीच दिसतो.

आपल्याला प्रवचन जमणार नाही, हे ओळखून ते व्यायामशिक्षणाकडे वळले. येलमधले त्यांचे गुरू विल्यम रेनी हार्पर यांनी १८९२ मध्ये नव्या शिकागो विद्यापीठात त्यांना थेट अध्यापकवर्गात कायमची जागा दिली. हार्पर यांचा हा निर्णय मोठा दूरदृष्टीचा होता. नोकरी एखाद्या हंगामाच्या निकालावर टांगलेली नसल्याने स्टॅग यांना शिकागोच्या फुटबॉल संघासाठी नवनवे डाव रचून पाहता आले.

१९०५ साली मिशिगन संघ सलग ५६ सामने अपराजित राहून स्टॅग यांच्या संघाशी खेळायला शिकागोत आला. दोन्ही संघ गुणाविना झुंजत होते. उत्तरार्धात शिकागोच्या वॉल्टर एकरसॉलने लाथाडलेला चेंडू मिशिगनच्या खेळाडूने स्वतःच्या गोलरेषेमागे झेलला आणि तो घेऊन बाहेर पडू पाहिले. शिकागोच्या खेळाडूंनी त्याला पुन्हा गोलरेषेमागे रेटून पाडले. त्याचे दोन गुण शिकागोला मिळाले आणि सामना २-० असा संपला.

१९२४ नंतर मात्र शिकागोला विभागीय विजेतेपद मिळाले नाही. मोठमोठी सरकारी विद्यापीठे पुढे निघून गेली. सत्तरी गाठताच नियमावर बोट ठेवून विद्यापीठाने स्टॅग यांना निवृत्त केले. एक्केचाळीस हंगाम घडवलेल्या माणसाला वयाचा दाखला दाखवणे अन्यायाचेच होते. खेळापासून दूर राहून मिळणारे मानाचे पद त्यांनी नाकारले आणि कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक महाविद्यालयाचा लहानसा संघ हाती घेतला. १९३९ अखेर शिकागोने मोठ्या स्पर्धांतले फुटबॉलच बंद केले. इकडे १९४३ मध्ये, एक्क्याऐंशीव्या वर्षी, स्टॅग देशातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या सस्केहॅना विद्यापीठात त्यांनी मुलासोबत संघ सांभाळला, आणि नव्वदी उलटल्यावरही स्टॉकटनच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते चेंडू लाथाडायला शिकवत होते. १९६५ मध्ये, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी, स्टॉकटनमध्येच त्यांचे निधन झाले.