पौंडातला काजू

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय चर्चासत्र झालं. पडद्यावर परदेशातले प्राध्यापक, दोन तास सगळं इंग्रजीत. मागच्या बाकांवरच्या पोरांनी एक प्रश्न विचारला नाही. फोटो निघाले, अहवाल नॅकच्या मूल्यांकनाच्या फायलीत गेला. मी २०१९ ला निवृत्त झालो, तेव्हापासून अर्थशास्त्राची ती जागा रिकामी आहे. तासिका तत्त्वावरचा एक मुलगा दोन कॉलेजं सांभाळतो. जग वर्गात आणणार कोण?

चंदगडच्या या कॉलेजात मी १९८४ ला आलो. पहिली सात-आठ वर्षं नोट्स उतरवून देण्यात गेली. शिकवणं खरं सुरू झालं ते १९९१ नंतर. रुपयाचं अवमूल्यन, जागतिक व्यापार कराराचा डंकेलचा मसुदा, मग १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना. पोरं विचारायची, "सर, हे आपल्याकडं कधी येणार?"

१९९८ ची गोष्ट. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीची बोटं काळी पडलेली असायची. सकाळी कारखान्यात काजूची बी फोडून ती तासाला यायची. टरफलातलं तेल कातडी जाळतं. तिला विचारलं, "तुमच्याकडं ३२० नंबर म्हणतात, तो कशाचा?"

"पौंडाला तीनशे वीस गर, सर."

"आपण तर किलोत मोजतो. मग हा पौंड कुणाचा?"

वर्ग गप्प झाला. त्या पौंडावर आम्ही महिनाभर शिकलो. तो अमेरिका-इंग्लंडच्या गिऱ्हाइकाचा, इथून सुरुवात झाली. झाड मूळ ब्राझीलचं. पोर्तुगीजांनी ते गोव्यात आणलं, म्हणजे आमच्या तिलारी घाटाच्या पलीकडं, आणि त्यांनीच मोझांबिकलाही नेलं. नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या अटीपायी मोझांबिकनं कच्च्या बियांवरचा निर्यात कर उतरवला होता. बी जहाजानं भारतात येऊ लागली, तिथले कारखाने बंद पडत गेले, हजारोंचं काम सुटलं. हे सांगितलं तेव्हा तीच मुलगी म्हणाली, "म्हणजे त्यांचं काम आमच्याकडं आलं?" बरंचसं केरळात कोल्लमला, असं मी सांगितलं. तिचं समाधान झालं नाही. "मग त्या बायका आता काय करतात, सर?"

इतका चांगला प्रश्न मला पस्तीस वर्षांत दुसरा कुणी विचारला नाही.

त्याच आठवड्यात वरिष्ठांनी मला बोलावलं. "हे परीक्षेला येतं का?" येत नव्हतं. पोर्शन मागं पडल्याचा शेरा बसला. तो अजून मनातून जात नाही. पुढं आठेक वर्षांत व्हिएतनामनं गराच्या निर्यातीत भारताला मागं टाकलं. त्याची झळ कुणाला लागणार, हे त्या वर्गातल्या पोरांना शिकवावं लागलं नसतं.

चर्चासत्र सुटल्यावर दारात एका मुलीशी बोललो. घरचा काजूचा कारखाना आहे म्हणाली.

"बी कुठली येते?"

"आफ्रिकेची, सर."

आफ्रिकेत कुठली, हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.