न उबलेली पाच अंडी

एका शाळेतल्या सातवीच्या मुलांबरोबर आम्ही १२ गावठी अंडी उबवायला ठेवली होती. पेटी साधीच होती. थर्माकोलचा खोका, आत विजेचा दिवा, लहान पंखा, थर्मोस्टॅट, तापमापक आणि पाण्याची बशी. २१व्या दिवशी ७ पिल्ले बाहेर आलेली होती. वर्गात एकच गलका झाला. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "सर, बाकीच्या पाचांचं काय झालं?"

हा प्रश्न आम्हाला पिल्लांइतकाच मोलाचा वाटला. न उबलेले अंडे नुसते फेकून दिले, तर आपली चूक कोठे झाली हे कधीच कळत नाही.

पहिली दोन अंडी सातव्या दिवशीच बाजूला काढली होती. अंधाऱ्या खोलीत पुठ्ठ्याच्या भोकातून बॅटरीचा झोत अंड्यावर टाकला की आतले दिसते. जिवंत गर्भ असेल तर कोळ्यासारखा गडद ठिपका आणि भोवती रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. ही दोन मात्र कोरी होती. ती बशीत फोडून पाहिली. एकात पिवळ्या बलकावर लहानसा घट्ट पांढरा ठिपका होता. म्हणजे ते अंडे फलित झालेलेच नव्हते. दुसऱ्यात ठिपक्याऐवजी चकतीसारखा पांढुरका पापुद्रा पसरला होता. येथे वाढ सुरू होऊन लगेच थांबली होती. आठवड्याहून अधिक काळ साठवलेल्या किंवा उन्हातून आणलेल्या अंड्यांत असे होऊ शकते.

तिसऱ्या अंड्यात प्रकाश टाकल्यावर लाल कडे दिसले. अ‍ॅरिस्टॉटलने अंड्यातल्या पिल्लाच्या वाढीचे वर्णन लिहून ठेवले आहे. तिसऱ्या दिवशी हृदय रक्ताच्या ठिपक्यासारखे उडताना दिसते, हे त्याने नोंदवले होते. या सुरुवातीच्या दिवसांत गर्भ मेला, तर रक्त जाळ्याच्या कडेला जमते आणि असे कडे तयार होते. आम्ही वही पाहिली. पंखा असलेल्या पेटीत ३७.५ अंश सेल्सिअस तापमान हवे. तिसऱ्या दुपारी पारा ४० वर गेल्याची नोंद मुलांनीच केली होती!

चौथ्या अंड्यात पिल्लू पूर्ण वाढून मेले होते. हवेची पोकळी फारच लहान होती. कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ जाते, तसतशी अंड्याच्या रुंद टोकाकडील ही पोकळी वाढते. सुरुवातीला ५० ग्रॅम असलेले अंडे १८व्या दिवशी साधारण ४४ ग्रॅम भरायला हवे. हे ४७ भरले. कवच जाड असावे. त्यात पावसाळ्याची दमट हवा, आणि आम्ही हौसेने एकाऐवजी दोन बशा पाणी ठेवलेले. पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के पुरते. शेवटच्या तीन दिवसांत ती ६५ ते ७० लागते. पोकळी लहान राहिली, की पिल्लाला पहिल्या श्वासापुरती हवा मिळत नाही.

पाचवे अंडे आमच्या मनाला लागून राहिले. विसाव्या दिवशी त्याला तडा गेला, आतून चिवचिव ऐकू आली आणि मग चार तास काहीच हालचाल नाही. मुले कासावीस झाली. आम्हीही. चिमट्याने थोडे कवच काढले, तोच रक्त आले. पिल्लू वाचले नाही.

ते अडकलेले नव्हते, त्याचे काम चालू होते. तोपर्यंत ते कवचाखालच्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून श्वास घेत होते. चोच पोकळीत शिरल्यावर फुप्फुसे सुरू होतात. मग जाळ्यातले रक्त हळूहळू शरीरात परतते आणि उरलेला पिवळा बलक पोटात ओढला जातो. बाहेरून ही विश्रांती दिसते. पहिल्या तड्यापासून बाहेर येईपर्यंत बहुधा १२ ते २४ तास लागतात. या वेळात पुन्हापुन्हा झाकण उघडले तर ओल निघून जाते आणि पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो. २४ तासांनंतरही प्रगती नसेल, तरच भोकाच्या कडेचे थोडे कवच काढावे आणि पापुद्रा कोमट पाण्याने ओला करावा. लाल रेघ दिसली की तेथेच थांबावे.

वर्गात हा प्रयोग करताना प्रत्येक अंड्याला पेन्सिलीने क्रमांक द्या. दर तीन दिवसांनी वजन करा. १८व्या दिवसापर्यंत अंडी रोज किमान तीनदा फिरवा, मग हलवू नका. वास येणारे किंवा पाझरणारे अंडे लगेच काढा. ते न फोडता पुरून टाका, कारण आतल्या वायूने ते फुटू शकते. अंडी हाताळल्यावर हात साबणाने धुवा. आणि पिल्ले कोणाच्या घरी वाढणार, हे अंडी ठेवण्यापूर्वीच ठरवा.

पुढच्या खेपेला पेटीवर मुलांनी एक चिठ्ठी चिकटवली होती : "तडा गेला आहे. घड्याळ पाहा. हात लावू नका." त्या चिठ्ठीचा पहिला उपयोग आम्हालाच झाला.