आधी पाणी, मग शर्यत

ट्रायथलॉन म्हटले की बहुतेकांना आयर्नमॅन आठवते. 3.8 किलोमीटर पोहायचे, 180 किलोमीटर सायकल मारायची आणि वर 42.2 किलोमीटर धावायचे. मिलिंद सोमण यांनी 2015 मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकला हे अंतर 15 तास 19 मिनिटांत पार केले, तेव्हा हा शब्द मराठी घरांत पोचला. हे आकडे ऐकूनच पुष्कळ जण मागे फिरतात, आणि ते खरोखर वाईट आहे. कारण नवख्याची शर्यत वेगळी असते. तिला स्प्रिंट म्हणतात: 750 मीटर पोहणे, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणे. सिडनीत 2000 साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, तिथले अंतर याच्या बरोबर दुप्पट.

खानदेशातल्या चाळीसगावच्या माणसाला यातली सायकल अवघड नाही. पाटणादेवीला जाऊन परत आले की 20 किलोमीटरपेक्षा बरेच जास्त होतात, तेही गौताळा अभयारण्याच्या डोंगरांकडे पाहत. चढाचा सराव हवा असेल त्याला कन्नडचा घाट आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2023 मध्ये तिथे अवजड वाहनांना बंदी झाली. तरी वळणे अरुंद आहेत, त्यामुळे हेल्मेट आणि मागचा दिवा हवाच. पहिल्या शर्यतीसाठी महागडी सायकल घेण्याची घाई मात्र नको. ब्रेक चांगले असलेली, उंचीला जुळणारी साधी गिअरची सायकल पुरते.

खरा प्रश्न पाण्याचा आहे.

खानदेशात पिढ्यानपिढ्या पोरे विहिरीत पोहायला शिकली, कमरेला डबा नाहीतर सुका भोपळा बांधून. त्यातून पाण्याची भीती जाते, आणि ही कमाई मोठी आहे. पण विहिरीत सलग 750 मीटर जायला जागाच नसते. शिवाय तिथे डोके पाण्याबाहेर ठेवून हातपाय मारायची सवय लागते. डोके वर राहिले की पाय खाली जातात, पाण्याचा अडथळा वाढतो आणि दोनशे मीटरांतच दम लागतो. फ्रीस्टाइलमध्ये चेहरा पाण्यात ठेवायचा, श्वास पाण्यातच सोडायचा आणि मान कुशीला वळवून घ्यायचा. एवढी एक गोष्ट अंगवळणी पडायला मोठ्या माणसाला काही आठवडे लागतात, आणि त्यासाठी समोर शिकवणारा हवा. म्हणून बूट किंवा घड्याळ घेण्याआधी जवळच्या जलतरण तलावाची चौकशी करावी. त्यासाठी धुळ्याला किंवा जळगावला जावे लागले तरी आठवड्यातून दोन फेऱ्या सार्थकी लागतात. गिरणेत किंवा मन्याड धरणात एकट्याने उतरणे हा सराव नव्हे. शर्यत बहुधा उघड्या पाण्यात असते: कोल्हापूरच्या बर्गमन ट्रायथलॉनमध्ये राजाराम तलावात, गोव्यात 2019 पासून होणाऱ्या अर्ध्या आयर्नमॅनमध्ये मिरामारच्या समुद्रात. तिथे तळाची रेघ दिसत नाही, दर काही हातांनी मान उचलून दिशा पाहावी लागते. त्याची सवय जाणकारांच्या सोबतीनेच करावी. पुण्याचे कौस्तुभ राडकर अनेक आयर्नमॅन पूर्ण करून आज इतरांना शिकवतात, तेही मुळात जलतरणपटू.

धावण्याची गंमत वेगळीच. एरवी 5 किलोमीटर सहज धावणाऱ्याचेही सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडासारखे होतात. इतका वेळ गोल फिरण्यात गुंतलेल्या स्नायूंना एकदम वेगळे काम पडते. उपाय सोपा आहे: आठवड्यातून एकदा सायकल ठेवताच दहा-पंधरा मिनिटे धावायचे. हळूहळू तो जडपणा लवकर ओसरू लागतो.

खानदेशच्या उन्हाचे काय? एप्रिल-मेमध्ये पारा 42 अंशांपलीकडे जातो. उष्णतेला सरावायला शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, तेही हळूहळू वाढवत नेले तर. घामाबरोबर मीठही जाते, म्हणून तासाभराहून मोठ्या सरावात नुसते पाणी ढोसण्यापेक्षा लिंबू-मीठ-साखरेचे पाणी बरे. खाण्यासाठी जळगावचे केळे सायकलस्वाराच्या मागच्या खिशात छान बसते. चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि रक्तदाब किंवा मधुमेह असणाऱ्यांनी सरावाआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

हे ऊन एका अर्थी सोयीचेही आहे. कडक उन्हाळ्यात धावणे पहाटेपुरते ठेवून सगळा भर पोहण्यावर द्यावा. पावसाळ्यात, हवा थंड झाली की, धावणे वाढवावे. आणि पोळ्यानंतर रस्ते कोरडे होऊ लागले की सायकल लांब न्यावी. म्हणजे दिवाळीनंतरच्या एखाद्या स्प्रिंट शर्यतीसाठी नाव नोंदवता येते.