भग्नसंधान आणि विरघळणारे जेल : एक आत्मपरीक्षण

नागावच्या वाड्यांमध्ये नारळ-सुपारीच्या झाडावरून माणूस पडणे ही नवी गोष्ट नव्हे. काही वर्षांपूर्वी चाळिशी उलटलेला, तंबाखूचे व्यसन असलेला असाच एक गडी जंघास्थिभग्नाचे प्लास्टर काढल्यावर आमच्याकडे आला. लाक्षादी गुग्गुळ, हाडसांधी आणि गंधतेल यांची योजना आम्ही केली. वेदना उतरली, रुग्ण समाधानी, आम्हीही समाधानी. चार महिन्यांनी क्ष-किरण चित्र काढले, तेव्हा हाड जुळलेलेच नव्हते.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात भग्न स्थिर होण्याचा काळ तरुण वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व उतारवयात तिप्पट सांगितला आहे. म्हणजे आमच्या शास्त्रानेच दोन महिन्यांनी सावध होण्याची सूचना दिली होती. दुर्लक्ष आमचे होते.

या प्रसंगामुळे न जुळणाऱ्या हाडांवरील आधुनिक संशोधन आम्ही अभ्यासले. 1965 मध्ये मार्शल युरिस्ट यांनी क्षारविरहित केलेले हाड प्राण्यांच्या स्नायूत ठेवले असता तेथे नवे हाड निर्माण होते, हे दाखविले. त्यामागील प्रथिने पुढे ‘बीएमपी’ या नावाने ओळखली गेली. अडचण अशी की, असे वृद्धिघटक नुसते टोचले तर अल्पावधीतच वाहून जातात. त्यांना धरून ठेवणारा आणि हळूहळू सोडणारा वाहक लागतो.

हे काम जैवविघटनशील जेल करते. कोलॅजन, फायब्रिन, समुद्री शैवालातील अल्जिनेट, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसॅन हे पदार्थ त्यासाठी वापरून पाहिले जातात. कायटोसॅनची काही मिश्रणे खोलीच्या तापमानाला द्रव असतात व शरीराच्या उष्णतेने घट्ट होतात. त्यामुळे ती सुईने भग्नस्थानी सोडता येतात. जेल फार लवकर विरघळले तर औषध एकदम सुटते. फार उशिरा विरघळले तर नव्या हाडाची जागा अडते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रेशमातील फायब्रॉइनपासून हाडाची पोकळी भरणारे पदार्थ तयार करण्याचे काम झाले आहे.

मात्र येथेही मात्रेचा विवेक हवाच. अमेरिकेत 2002 मध्ये मणक्यांच्या शस्त्रक्रियेसाठी बीएमपी-2 ला मान्यता मिळाली. तेथे वाहक होता कोलॅजनचा स्पंज. 2004 मध्ये जंघास्थीच्या उघड्या भग्नासाठीही ती मिळाली. परंतु मानेच्या मणक्यांत वापरल्यावर घशाला जीवघेणी सूज आल्याच्या घटनांमुळे 2008 मध्ये तेथील औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. शिवाय जेल भार पेलत नाही. हाडाला स्थैर्य बाहेरूनच द्यावे लागते. सुश्रुतोक्त कुशाबंधनाचे मर्मही हेच.

मध व घृत यांच्या योगवाही गुणाची येथे आठवण होते. पण हे सारे आमच्या ग्रंथांत आधीच होते, असा दावा आम्ही करणार नाही. साम्य दिसणे निराळे आणि सिद्ध होणे निराळे.

आमच्या रुग्णावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली. कटीच्या हाडाचा तुकडा काढून भग्नस्थानी बसवावा लागला. हाड जुळले. तो आता झाडावर चढत नाही, वाडीचे शिंपणे पाहतो. वैद्यमित्रांना विनंती इतकीच : जखम उघडी असेल, बोटे बधिर वा थंड पडली असतील, तर रुग्णास तत्काळ पुढे पाठवावे. मधुमेह वा तंबाखूचे व्यसन असेल, तर अधिक जागरूक राहावे. आणि वेदना शमली म्हणजे संधान झाले, असे क्ष-किरण चित्र पाहिल्यावाचून मानू नये.