जुन्या मोटारगाडीच्या क्लचचे दोषनिदान व समायोजन : फोर्ड ‘मॉडेल ए’च्या संदर्भात

प्रस्तावना :
फोर्ड कंपनीने डिसेंबर १९२७ मध्ये ‘मॉडेल ए’ ही मोटार जनतेसमोर आणली. तिच्या सुमारे ४८ लाख गाड्या तयार झाल्या आणि त्यांपैकी अनेक आजही चालू स्थितीत जतन केलेल्या आढळतात. या गाडीचा क्लच बाहेर काढावयाचा झाल्यास एंजिन उतरवावे लागते किंवा मागील आस मागे सरकवून गिअरपेटी काढावी लागते. चुकीच्या निदानाची किंमत म्हणूनच मोठी असते. क्लचचा कोणता दोष केवळ समायोजनाने दूर होतो व कोणता होत नाही, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

रचना व कार्य :
सुरुवातीच्या गाड्यांत अनेक प्लेटांचा क्लच होता. त्यानंतर एकाच कोरड्या प्लेटचा क्लच बसविण्यात आला. येथील विवेचन या दुसऱ्या प्रकाराचे आहे. स्प्रिंगांच्या दाबाने प्रेशर प्लेट ही क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर घट्ट धरून ठेवते. पेडल दाबले असता रिलीज बेअरिंग पुढे सरकून तरफांवर दाब देते व क्लच प्लेट मोकळी होते. बेअरिंग तरफांना टेकण्यापूर्वी पेडल जितके सहज खाली जाते, ती त्याची ‘मोकळी चाल’. कारागिरांच्या भाषेत ‘प्ले’. ‘मॉडेल ए’मध्ये ती सुमारे १ इंच, म्हणजे २५ मिलिमीटर असावी लागते.

येथे एक गैरसमज संभवतो. क्लच प्लेटचे अस्तर झिजले की प्ले वाढेल, असे वाटते. प्रत्यक्षात तो कमी होतो. अस्तर पातळ झाल्याने प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि तरफांची आतली टोके बेअरिंगच्या जवळ येतात. प्ले पूर्ण संपला की पाय पेडलवर नसतानाही क्लच अंशतः दाबलेलाच राहतो.

दोषनिदान :
क्लचचे दोष मुख्यतः दोन परस्परविरुद्ध प्रकारचे असतात.

१) क्लच घसरणे : एंजिनचा वेग वाढतो, परंतु गाडीचा वाढत नाही. चढावर हा दोष प्रथम जाणवतो व जळका वास येतो. प्ले संपणे, अस्तर झिजणे, अस्तरावर तेल येणे किंवा स्प्रिंगा अशक्त होणे ही त्याची कारणे होत.

२) क्लच पूर्ण न सुटणे : पेडल तळापर्यंत दाबूनही गिअर टाकताना खरखर होते. प्ले प्रमाणाबाहेर वाढणे, प्लेट वाकणे किंवा गाडी दीर्घकाळ उभी राहिल्याने प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटणे, ही कारणे संभवतात.

मात्र प्रत्येक खरखर क्लचमुळेच होते, असे नाही. या गाडीच्या गिअरपेटीत आधुनिक गाड्यांप्रमाणे दातांचे वेग जुळविणारी यंत्रणा नाही. त्यामुळे गाडी उभी असताना पेडल दाबून काही सेकंद थांबावे व मगच गिअर टाकावा. थांबल्यानंतरही खरखर झाली, तरच क्लचवर संशय घ्यावा.

समायोजनाची पद्धती :
गाडी सपाट जागी उभी करून एंजिन बंद ठेवावे व चाकांना ओट लावावी. पेडल हाताने दाबून प्रतिकार सुरू होईपर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. जोडकामातील पिना झिजल्या असल्यास पेडल हलते, पण बेअरिंग मात्र तरफांना टेकलेलेच असते. हा खोटा प्ले होय. म्हणून रिलीज शाफ्टचा दांडाही हाताने किंचित हलतो की नाही, हे तपासावे आणि झिजलेल्या पिना आधी बदलाव्यात.

त्यानंतर जोडकांडीची पिन काढून कांडी एका वेळी थोडीच फिरवावी, पिन तात्पुरती बसवावी व पुन्हा मोजावे. १ इंच प्ले मिळाल्यावर नवी कॉटर पिन घालावी. घसरण थांबावी म्हणून प्ले वाजवीपेक्षा जास्त ठेवल्यास दुसरा दोष उद्भवतो. खरखर थांबावी म्हणून तो नाहीसा केल्यास बेअरिंग सतत फिरत राहून लवकर निकामी होते.

मर्यादा :
योग्य प्ले असूनही क्लच घसरत असेल, तर कांडी फिरवून उपयोग नाही. तेलाने माखलेले अस्तर, अशक्त स्प्रिंगा किंवा वाकलेली प्लेट समायोजनाने सुधारत नाही. अशा वेळी क्लच उघडणे अपरिहार्य ठरते. त्या काळच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. त्यामुळे आतील धूळ हवेच्या झोताने उडवू नये; योग्य मुखपट्टी वापरून ती ओल्या फडक्याने टिपावी.

निष्कर्ष :
प्रथम मोजमाप, नंतर दोषाचा प्रकार, त्यानंतर समायोजन व सर्वांत शेवटी उघडणी, हा क्रम पाळणे हितावह आहे. पट्टीने घेतलेले एक साधे माप अनेकदा एंजिन उतरविण्याचे श्रम वाचविते आणि नव्वदीपार गेलेल्या यंत्राचे मूळ भागही अबाधित राखते.