'चाओ': निरोपाच्या शब्दामागील गुलामगिरी

इटलीत मित्र भेटला की 'चाओ' आणि निघाला की पुन्हा 'चाओ'. पोर्तुगीज भाषेने हा शब्द इटालियनमधून घेतला आणि 'चाऊ' या रूपात निरोपासाठी राखला. हा हलकाफुलका शब्द मुळात 'मी आपला गुलाम' असे सांगणारा होता, हे आज उच्चारणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

व्हेनिसच्या बोलीत 'स्चाओ' म्हणजे गुलाम. प्रमाण इटालियनमध्ये 'स्कियावो'. 'आपला गुलाम' असे म्हणून आदर दाखवण्याची तेथे रीत होती. मराठी पत्राच्या अखेरीस 'आपला आज्ञाधारक' लिहिले जाते, तशीच ती. पुढे 'आपला' गळून पडले, उच्चार झिजला आणि 'चाओ' उरले.

'स्कियावो'चे मूळ मध्ययुगीन लॅटिनमधील 'स्क्लावुस' या शब्दात आहे. फ्रेंच 'एस्क्लाव', जर्मन 'स्क्लावे', पोर्तुगीज 'इश्क्राव्हु' आणि इंग्रजी 'स्लेव्ह' ही त्याचीच भावंडे. मात्र 'स्क्लावुस'चा पहिला अर्थ गुलाम नव्हे, तर स्लाव्ह समाजातील माणूस असा होता. मध्ययुगाच्या पूर्वार्धात पूर्व व मध्य युरोपातील स्लाव्ह लोक युद्धांत पकडले जाऊन मोठ्या संख्येने विकले गेले आणि त्यांच्या समाजाचे नावच गुलामाचे नाव ठरले. अनेक अभ्यासक या नावाचा संबंध 'स्लोवो', म्हणजे 'शब्द', याच्याशी जोडतात. त्यानुसार स्लाव्ह म्हणजे एकमेकांचे बोलणे समजणारे लोक.

गुलामासाठी लॅटिनमध्ये 'सर्वुस' हा जुना शब्द होताच. परंतु त्यापासून आलेला फ्रेंच 'सेर्फ' जमिनीला जखडलेल्या शेतकऱ्यासाठी रूढ झाला आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या माणसासाठी वेगळा शब्द आवश्यक ठरला. योगायोग असा, की 'सर्वुस'देखील ऑस्ट्रिया आणि हंगेरीत आज मित्रामित्रांतील अभिवादन आहे.

या शब्दाच्या प्रवासाचा एक टप्पा गोव्यातही आहे. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत जुन्या गोव्याच्या भर रस्त्यात माणसांचा लिलाव होत असे. 'इश्क्राव्हु' म्हणून विकल्या गेलेल्या या माणसांत आफ्रिकेतून आणलेले अनेकजण होते. स्लाव्हांशी त्यांचा कोणताही संबंध नव्हता. युरोपातील एका समाजाच्या नावाचा शिक्का त्यांच्या कपाळी बसला होता. पोर्तुगालने १८६९ मध्ये आपल्या साम्राज्यातील गुलामगिरी कायद्याने रद्द केली. ज्यांना त्या शब्दाने विकले गेले, त्यांतील बहुतेकांची स्वतःची नावे मात्र इतिहासाला ठाऊक नाहीत.